सोन्याची शिवराई, मक्क्याचा सिक्का आणि भोळे आपण

अकोल्याच्या जुन्या शहरात एका निकाहला गेलो होतो. काझीसाहेबांनी मेहरची रक्कम उच्चारली आणि तिला जोडून नेहमीचे शब्द म्हटले : ‘सिक्का राइजुल वक्त’. आपण लहानपणापासून हे शब्द ऐकतो, पण त्यांचा अर्थ विचारत नाही. अर्थ सोपा आहे. त्या काळात जे नाणं चालू आहे, त्या नाण्यात. बायकोचा हक्क ठरवताना कुठल्या गेलेल्या बादशहाची मोहर नको, दाखवायचा दागिना नको. बाजारात जे चालतं आणि दुकानदार जे विनातक्रार घेतो, त्यात रक्कम मोजा. आपल्या बुजुर्गांनी नाण्याची इतकी नेमकी व्याख्या निकाहच्या मजलिसमध्ये ठेवून दिली आहे आणि आपण ती कानाआड करतो.

जेवणं झाली. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे आमच्या बिरादरीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवरदेवाच्या मामूंनी मखमली डबी माझ्यापुढे धरली. “भाईजान, देखो जरा. अकबरी मोहर है, दूल्हे को सलामी में दे रहा हूँ.” डबीत चकचकीत सोन्याचं नाणं, सोबत छापील प्रमाणपत्र. सोनं खरं होतं, पाच ग्रॅम, शिक्क्यासह. ते पाहून बाळापूरकडचे एक बडे मियाँ हळूच जवळ सरकले. त्यांनी खिशातून पिवळ्या कापडाची पुरचुंडी काढली. आत पितळेसारखं जाड नाणं होतं. एका बाजूला काबा आणि मदिन्याचा घुमट, दुसऱ्या बाजूला कलमा, खाली ७८६. “ये मुगलों के जमाने का है. इसके लाखों मिलते बोलते हैं. सच है क्या?” दोन बकऱ्या विकून त्यांनी ते अकरा हजारांना घेतलं होतं.

मामूंना मी सांगितलं की अकबराची मोहर साधारण अकरा ग्रॅमची असते, तेव्हा पाच ग्रॅमची ही पूर्ण मोहर होऊच शकत नाही. ही आजकाल पाडलेली आहे, सोन्याचे पैसे शाबूत आहेत, बाकीचे डबीचे. ते हसले आणि म्हणाले, “सोना तो सोना है.” बडे मियाँना काय सांगायचं? सांगितलं. कुठल्याही मोगल बादशहाने असं चित्र असलेलं नाणं पाडलेलं नाही, हा आजच्या बाजाराचा माल आहे आणि मोडीत याचे शंभर रुपयेही येणार नाहीत. ते काही बोलले नाहीत. पुरचुंडी पुन्हा नीट बांधली आणि खिशात ठेवली. कलमा लिहिलेला आहे, फेकायचा तरी कसा?

एकाचं नुकसान थोडं, दुसऱ्याचं मोठं. पण रोग एकच आहे, आणि त्या रोगाबद्दल मला आज स्पष्ट बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या नाण्यांच्या सोन्यातल्या नव्या आवृत्त्यांचं पेव फुटलं आहे. शिवकालीन होन, सोन्याची शिवराई, अकबराची मोहर, जहांगीरची राशीची मोहर, व्हिक्टोरिया राणीची मोहर, सगळं डबीत मिळतं. अमरावती असो, अकोला असो की नागपूर, नाणेसंग्राहक भेटले की यावर वाद होतो. तीन मतं नेहमी ऐकू येतात. पहिलं कट्टर संग्राहकाचं : हे नाणं नाहीच, नक्षी काढलेलं बिस्कीट आहे. दुसरं सराफाचं आणि मामूंचं : सोनं तर सोनं, छाप कुठलाही असो. तिसरं विकणाऱ्याचं : अस्सल होन कुणाला मिळणार आहे, आम्ही वारसा घरोघरी पोचवतो.

मला तिन्ही मतं अपुरी वाटतात.

कट्टर संग्राहकांपासून सुरुवात करतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. आपण नव्या आवृत्तीला नाक मुरडतो, पण आपलं सोवळं तितकं स्वच्छ नाही. इंग्रजांच्या काळात कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुने ठसे पुन्हा वापरून संग्राहकांसाठी नाणी पाडून दिली. नाण्यावर जुनं साल, पाडलं मात्र पुष्कळ वर्षांनी. ती नाणी आपण लिलावात मोठ्या किमतीला घेतो आणि त्यांना ‘री-स्ट्राइक’ असं भारदस्त नाव देतो. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये वर्षानुवर्षं शाह आलमच्या नावाचे रुपये पाडले आणि त्यांवर जुलूसाचं १९ वं वर्ष गोठवून ठेवलं. बादशहाचं वय वाढत गेलं, रुपयावरचं साल हललं नाही. १८३५ साली विल्यम राजाचा चेहरा आला तेव्हा कुठे ते सोंग उतरू लागलं. म्हणजे जुन्याच्या नावाने नवं नाणं पाडणं ही आजची गोष्ट नाही. फक्त ‘नवं आहे म्हणून वाईट’ एवढं म्हणून भागत नाही.

मग वाईट काय? ते समजायला बाहेरची दोन उदाहरणं घेऊ. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने २०१६ साली आपल्या तीन जुन्या नाण्यांच्या सोन्यातल्या आवृत्त्या काढल्या. दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्धा डॉलर ही १९१६ सालची नाणी मुळात चांदीची. तिथेही संग्राहकांत फूट पडली. कुणाला ती फार देखणी वाटली, कुणी म्हणालं की दहा सेंटचं नाणं सोन्यात म्हणजे पोरखेळ आहे. पण एक गोष्ट कुणालाही नाकारता आली नाही. नाण्यावर साल २०१६ होतं, धातू सोनं असल्याचं आणि किती वजनाचं हेही नाण्यावरच कोरलेलं होतं. ब्रिटनने २०१७ मध्ये १८१७ च्या सॉव्हरिनचं मूळ चित्र पुन्हा वापरलं, तेव्हाही साल २०१७ च टाकलं. आवडो न आवडो, त्यांनी फसवलं नाही. अमेरिकेत १९७३ पासून कायदाच आहे की नाण्याची नक्कल केली तर तिच्या अंगावर ‘कॉपी’ हा शब्द कोरलेला हवा. डबीवर नको, प्रमाणपत्रावर नको, अंगावर. कारण डबी हरवते, प्रमाणपत्र फाटतं, नाणं पुढे जात राहतं.

आपल्याकडच्या आवृत्त्या उलटून पाहा. होनाच्या नक्कलेवर आजचं साल नसतं. मोहरेच्या नक्कलेवर अकबराचंच साल असतं. आज विकणारा कदाचित तोंडी सांगतही असेल की ही प्रतिकृती आहे. पण वीस वर्षांनी हे नाणं घेणाऱ्याच्या नातवाच्या हाती येईल, तेव्हा सांगणारा कोण असेल? तो नातू ते ‘आजोबांची अकबरी मोहर’ म्हणून कुणाला तरी विकेल, आणि तो खोटारडाही नसेल. खोटं मधल्या मध्ये जन्माला येतं आणि गुन्हेगार कुणीच सापडत नाही.

हुजूर (स.) यांच्या बाजारातला तो प्रसंग आपण सगळ्यांनी जुम्याच्या खुत्ब्यात ऐकलेला आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. विचारलं गेलं ते इतकंच की मग भिजलेलं वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं. भिजलेलं धान्य विकू नकोस असं म्हटलं नाही. झाकू नकोस म्हटलं. माझा सगळा वाद या एका प्रसंगात मावतो. प्रतिकृती विका, सोन्यात विका, हिऱ्यात विका. पण ओल वर ठेवा. नाण्याच्या अंगावर ‘प्रतिकृती’ असं कोरा आणि आजचं साल टाका. एवढं केलं तर माझी तक्रार निम्मी संपते.

उरलेली निम्मी तक्रार वेगळी आहे. कुठलं नाणं सोन्यात उतरवायचं हे कोण ठरवतं, आणि काय गाळलं जातं?

शिवराईच घ्या. शिवाजी महाराजांची शिवराई तांब्याची होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. भाजीवाली, मोळीविकी, न्हावी, शिपाई, सगळ्यांच्या हातातून ती फिरली. इतकी फिरली की महाराजांनंतर पेशवाईतही शिवरायाच पडत राहिल्या आणि कंपनीचं राज्य आल्यावरही लोकांनी त्या सोडल्या नाहीत. आजही जुन्या बाजारात झिजलेली शिवराई सापडते. राजाचं नाव गरिबाच्या मुठीत होतं, हीच त्या नाण्याची सगळी थोरवी. ती शिवराई सोन्यात पाडून, काचेच्या डबीत घालून, तिला ‘राजेशाही वारसा’ म्हणायचं, याचा अर्थ तिच्यातलं जे खरं मोठेपण ते काढून टाकायचं. राजाचा खरा मान तांब्यात होता आणि आपल्याला तो सोन्याशिवाय दिसत नाही, हा दोष आपल्या डोळ्यांचा आहे. १९९९ साली भारत सरकारने महाराजांचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणं काढलं होतं. ते मला कुठल्याही सोन्याच्या शिवराईपेक्षा शिवराईच्या जवळचं वाटतं, कारण ते चालू होतं. बसच्या कंडक्टरने दिलं, चहावाल्याने घेतलं. राइजुल वक्त.

होन मात्र मुळातच सोन्याचा. १६७४ च्या राज्याभिषेकाशी त्याचं नातं आहे. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि अस्सल नग बोटांवर मोजण्याइतके. त्याची प्रतिकृती कुणी श्रद्धेने घेतली तर मी हसणार नाही. पण होन म्हणजे काय हे तरी त्या डबीत लिहा. होन हे दक्षिणेचं नाणं, विजयनगरच्या वेळेपासून चालत आलेलं. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे. तिच्यात शिवराई होनाच्या शेजारी पातशाही आहे, इबराजी आहे, अच्युतराई आहे, देवराई आहे. विजयनगरच्या रायांचं आणि विजापूरच्या आदिलशहाचं सोनं एकाच खजिन्यात शेजारी शेजारी ठेवलेलं होतं. महाराजांनी आपल्या नाण्यावर देवनागरी आणली, राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे जाणून बुजून उचललेलं पाऊल होतं आणि त्याचं मोल मी मानतो. मात्र ज्यांनी हे पाऊल उचललं त्यांनी शेजारच्या नाण्यांना खजिन्याबाहेर काढलं नाही. आज डबी विकणारा काढतो.

पुण्याचा अंकुशी रुपया सोन्यात का कुणी पाडत नाही? नागपूरकर भोसल्यांचा रुपया का नाही? आपलं वऱ्हाड तर भोसले आणि निजाम यांच्या दुहेरी अमलात होतं. या भागात फिरलेला तो पैसा. कारण उघड आहे. त्या मराठा नाण्यांवर फारसी अक्षरं आहेत आणि त्यांत मोगल बादशहाचं नाव आहे. पेशव्यांनी पाडलं, भोसल्यांनी पाडलं, बाजाराने विश्वासाने घेतलं, पण आजच्या गिऱ्हाइकाला ते ‘आपलं’ वाटणार नाही असं विकणारा गृहीत धरतो. म्हणून वारसा म्हणून जे विकलं जातं ते चाळलेलं असतं. जे आजच्या मनाला गोड लागतं तेवढंच सोन्यात उतरतं. इतिहासाचा उरलेला भाग तांब्याचांदीत गंजत पडतो.

आणि खरी नाणी काय सांगतात? महमूद गझनवीच्या लाहोरकडच्या दिरहमवर कलम्याचा संस्कृत तर्जुमा आहे. महंमद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे आणि नागरीत त्याचं नाव आहे. शेरशहाच्या रुपयावर नागरीत ‘श्री’ लावून त्याचं नाव आहे, आणि ‘रुपया’ हे आपल्या रोजच्या नाण्याचं नावही त्याच्याच चांदीच्या नाण्यापासून रूढ झालं. अकबराने आयुष्याच्या शेवटी राम-सीतेचं चित्र असलेली अर्धी मोहर पाडली. तिच्यावर नागरीत ‘राम सीय’ लिहिलं आहे. हे सगळं अस्सल आहे, संग्रहालयांत आहे. इतकी अस्सल गोष्ट हाताशी असताना आपल्या जत्रांत विकलं काय जातं? ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं साल टाकलेला रामदरबाराचा, हनुमानाचा पैसा. कंपनीने असा पैसा कधीही पाडला नाही. माझ्या ओळखीच्या किती तरी हिंदू घरांत तो देवघरात आहे आणि ‘याचे लाखो मिळतात’ हे वाक्य तिथेही तसंच ऐकू येतं, जसं बाळापूरच्या बडे मियाँनी म्हटलं.

म्हणून आता आपल्या घराकडे वळतो. दुसऱ्यांवर बोट ठेवून हा लेख संपवला तर तो बेइमानीचा होईल.

मक्का-मदिन्याचा तो सिक्का आपल्या उरुसांत, आपल्या मोहल्ल्यांत, आपलेच लोक विकतात. कुणी त्याला मोगली म्हणतं, कुणी तुर्की, कुणी थेट सहाबांच्या काळचा. त्याच्या जोडीला आता सोन्याचे ‘सुन्नत दीनार’ आले आहेत. मलेशियातल्या केलान्तान राज्याने २०१० मध्ये सोन्याचे दीनार काढले, तेव्हापासून आपल्याकडेही काहींना वाटू लागलं की असा दीनार घरात ठेवला म्हणजे दीनाची सेवा झाली. जरा इतिहास विचारा. हुजूर (स.) यांच्या हयातीत अरबस्तानात जे दीनार चालत होते ते रोमी होते. त्यांवर कैसरचा चेहरा होता, क्रूस होता. दिरहम इराणचे होते, त्यांवर अग्निपूजकांचं अग्निकुंड होतं. त्याच नाण्यांत मेहर दिला गेला, त्याच नाण्यांत जकात मोजली गेली. फक्त मजकूर असलेला, चित्र नसलेला इस्लामी दीनार खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ मध्ये पाडला. वजन सव्वाचार ग्रॅम. तेव्हा ज्याच्यावर कलमा आहे ते नाणं पवित्र आणि ज्याच्यावर नाही ते नापाक, ही समजूत खुद्द पहिल्या पिढीची नव्हती. त्यांनी नाण्यात वजन पाहिलं, कस पाहिला, चलन पाहिलं. बरकत व्यवहाराच्या सचोटीत शोधली.

मग कलमा नाण्यावर छापून तो दुप्पट किमतीला विकणाऱ्याला आपण काय म्हणायचं? मी त्याला दीनाचा व्यापारी म्हणतो. आणि घेणाऱ्याला भोळा म्हणतो, पण निरागस म्हणत नाही. ‘लाखो मिळतील’ ही लालूच त्याच्याही मनात असते. अकिदतीच्या कापडात गुंडाळलेली लालूच असते ती.

आता सराफाचं मत, ‘सोनं तर सोनं’. हे सर्वांत व्यवहारी वाटतं आणि सर्वांत जास्त पैसे यातच बुडतात. हिशोब करून पाहा. समजा सोनं ग्रॅमला दहा हजार आहे. पाच ग्रॅमच्या मोहरेत पन्नास हजारांचं सोनं. डबीसह ती पासष्ट हजारांना घेतली. उद्या मुलीच्या फीसाठी ती सराफाकडे नेली. तो काट्यावर ठेवणार, कस पाहणार आणि सोन्याचे पैसे देणार, तेही घट धरून. पंधरा हजार कुठे गेले? मखमलीत, कागदात आणि ‘मर्यादित आवृत्ती’ या दोन शब्दांत. अस्सल जुनं नाणं विकायला गेलात तर संग्राहक सोन्यापेक्षा जास्त देतो. नव्या आवृत्तीला तो जास्त काही देत नाही. विकत घेताना ती नाणं असते, विकताना बिस्कीट होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने अशोकचक्राचं आणि गांधीजींच्या चित्राचं सोन्याचं नाणं काढलं. ते निदान कुठल्या जुन्या राजाचं सोंग घेत नाही. सोनं साठवायचं असेल तर साधं सोनं साठवा.

आपल्या शरीयतचा काटा तर सराफापेक्षाही कडक आहे. साडेसात तोळ्यांच्या निसाबात जकातीचा हिशोब करताना नाण्यावर अकबर आहे की शिवराय की कलमा, हे कुणी विचारत नाही. सोनं किती, एवढंच विचारतात. आणि सोन्याच्या बदल्यात सोनं घ्यायचं तर वजन बरोबरीचं हवं, हाही आपल्याकडचा मशहूर मसला आहे. घरच्या दहा ग्रॅमच्या बांगड्या देऊन आठ ग्रॅमचा ‘वारसा’ आणणाऱ्या बहिणींनी हा मसला आपल्या मौलवीसाहेबांना एकदा विचारावा. मौलवीसाहेबांनीही तो मिंबरवरून सांगावा. नमाजच्या मसल्यांइतकाच बाजाराचा मसलाही दीनच आहे.

या सगळ्यात जे माझ्या जिवाला लागतं ते शेवटी सांगतो.

खोट्या वारशाला आपण पंधरा हजार जास्त मोजतो आणि खरा वारसा मोडीत घालतो. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. इमादशाहीत वऱ्हाडची राजधानी, पुढे मोगलांची टांकसाळ. औरंगजेबाच्या नावाचे रुपये तिथे पडले, त्यांवर फारसीत गावाचं नाव आहे. आपल्या वऱ्हाडातल्या गावाचं नाव कोरलेली चांदी! आणि मेळघाटापलीकडे बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड. तो १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला, तेव्हा त्या विजयाची आठवण म्हणून असीरच्या टांकसाळीत एक मोहर पडली. तिच्यावर ससाणा आहे. स्मारक नाणं म्हणतात ते हे. जिथे घडलं तिथे, ज्या वर्षी घडलं त्या सुमारास, ज्याने केलं त्याने पाडलं. किती जणांनी तिचं नाव तरी ऐकलं आहे? डबीत येणाऱ्या अकबरी मोहरेवर असीरगडाचा ससाणा मी अजून पाहिलेला नाही.

चांदी किलोला लाखाच्या वर गेली तेव्हापासून आजी-नानीच्या पेटीतले रुपये सराफाकडे निघाले आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तराजूत राणीछाप रुपये आणि त्यांच्यात मिसळलेला एखादा वेडावाकडा, जाड, फारसी अक्षरांचा रुपया. कुणी उलटून पाहत नाही. सगळं मुशीत जातं आणि पैंजण होऊन बाहेर येतं. गरज असेल तर विका, माझा आग्रह नाही की कुणी उपाशी राहून इतिहास जपावा. पण मुशीत टाकण्याआधी निदान एक फोटो काढा, जाणकाराला दाखवा. त्या वेड्यावाकड्या रुपयाचे चांदीपेक्षा जास्त पैसे मिळण्याची शक्यता त्या पितळी मक्का-मदिन्यापेक्षा हजारपट आहे.

शेतात, पडक्या वाड्यात हंडा सापडला तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचा निधी कलेक्टरला कळवावा लागतो. लोक भीतीने कळवत नाहीत, रातोरात वितळवतात, कारण कळवल्यावर हक्काचं काय मिळेल याचा भरवसा त्यांना कुणी देत नाही. सरकारने हा भरवसा द्यावा. नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयांनी वऱ्हाडातल्या टांकसाळींच्या नाण्यांची फोटोंसह एक साधी मराठी-उर्दू पुस्तिका काढावी आणि ती शाळांत, मदरशांत वाटावी. शंभर रुपयांच्या त्या पुस्तिकेने जितके लोक फसायचे वाचतील तितके पोलिसांच्या शंभर नोटिसांनी वाचणार नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या नाण्याची सोन्यातली आवृत्ती काढायला हरकत नाही. तिच्या अंगावर ‘प्रतिकृती’ आणि आजचं साल कोरण्याची सक्ती कायद्याने करा. हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, नाण्याचा इतिहास सांगत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. संग्राहकांनी नाक मुरडून गप्प बसू नये, मोहल्ल्यात आलेलं प्रत्येक खोटं नाणं फुकट तपासून द्यावं. आणि आपण, म्हणजे मुसलमानांनी, कलम्याचा बाजार मांडणाऱ्याला आपल्या उरुसात जागा देऊ नये. रामदरबाराच्या पैशाला हसायचं आणि मक्का-मदिन्याच्या पैशाला चुंबन द्यायचं, हे चालणार नाही. दोन्ही ठसे बहुधा एकाच प्रकारच्या कारखान्यात तयार होतात आणि दोन्हींचं गिऱ्हाईक सारखंच गरीब असतं.

बडे मियाँना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, चाचा, घरात जुनं काही असेल तर दाखवा, मी येतो. म्हणाले, “अम्मी के कुछ रुपये थे, पिछले साल बेच दिए. काले पड़ गए थे.” कसे होते, विचारलं. “कुछ पे रानी थी. दो-तीन पे उर्दू जैसा लिखा था.”

ती बहुधा फारसी होती. कुठल्या टांकसाळीची, हे आता कळायला मार्ग नाही.